नगाऱ्याचा गळा

उकंडरावांना देवानं सगळं दिलं, आवाज तेवढा द्यायचा राहून गेला. मुके नव्हते ते. बोलायचे, पण समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. लग्नात त्यांनी घेतलेला उखाणा शकुबाईंना आजवर कळलेला नाही, आणि त्यावरून टोमणा मारायची एकही संधी त्या सोडत नाहीत. एकदा ग्रामसभेत उकंडराव पाणंद रस्त्याविषयी बोलायला उभे राहिले, बोलले आणि खाली बसले. त्यानंतर सरपंचांनी विचारलं, "कुनाला काही बोलायचं हाय का?" कुरुंद्यात हा किस्सा अजून सांगतात.

असा माणूस मेंढरं कशी वळवत असेल, असं कुणालाही वाटेल. मेंढरू म्हणजे भोळी जात. एकानं विहिरीत उडी टाकली तर बाकीची आपला नंबर कधी येतो म्हणून मागं उभी राहतील. त्यांना आवरायला खणखणीत आरोळी लागते. उकंडरावांची आरोळी चार पायांवर चालायची आणि तिचं नाव होतं नगाऱ्या.

नगाऱ्या काळाकुट्ट, छातीवर मूठभर पांढरं. पिल्लू असताना पहिल्यांदा भुंकला तेव्हा शकुबाईंच्या हातातलं भगुणं खाली पडलं होतं, म्हणून हे नाव. एका टोकाला तो भुंकला की दुसऱ्या टोकाची मेंढरं वळायची. आणि नुसती मेंढरंच नाही, माणसंसुद्धा वळायची. उत्तमरावांचंच बघा. हे कुरुंद्याचे मोठे बागायतदार. हळद काढून रान मोकळं झालं की उकंडरावांची मेंढरं ते आपल्या शेतात बसवून घेत, कारण लेंडीखतासारखं खत नाही. पण ठरलेले दिवस संपले की उत्तमराव म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या की अजून दोन-चार दिस." ही विनंती नव्हे, हुकूमच. पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला असायचा, त्यामुळे उकंडरावांचा जीव खालीवर व्हायचा. ते मान हलवायचे. होकाराची का नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात नगाऱ्या पुढं येऊन उत्तमरावांच्या तोंडाकडे बघत एकदाच भुंकायचा आणि उत्तमराव दोन पावलं मागं सरून म्हणायचे, "बरं बरं. जावा मग." उकंडरावांचा संसार हा असा चालला होता.

यंदा शिमग्याच्या सुमाराला त्या आवाजाला काहीतरी झालं. आधी भुंकणं बसकं झालं, मग घोगरं झालं, मग नुसतं फाटकं. उन्हात चार पावलं चालला की नगाऱ्याच्या गळ्यातून करवत चालल्यासारखा आवाज यायचा. पाणी पितानाही ठसका. वय झालं होतं म्हणा, पण दात शाबूत होते, डोळे शाबूत होते, मग गळ्यानंच काहून दगा द्यावा हे उकंडरावांना समजेना. रात्री त्यांना झोप लागेना. कुत्र्याचा आवाज गेला तर आपलं कसं व्हायचं, ही धास्ती त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नाही. दाखवली असती तरी ऐकू कुणाला गेली असती?

"नजर लागली," शकुबाईंनी निकाल दिला आणि नगाऱ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांच्या धुरानं नगाऱ्या आणखी ठसकला.

उकंडरावांचं म्हणणं वेगळं होतं. गळा म्हणजे पुंगी. पुंगीत धूळ बसली की ती वाजत नाही. जन्मभर मेंढरांमागची धूळ खाल्लेला कुत्रा हा, बसली असेल. धुऊन काढली की झालं. आणि धुवायचं कशानं, हे कुरुंद्याच्या माणसाला विचारायलाच नको. इथं अंगणात हळद, ओट्यावर हळद, वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग. माणसाला मुरगळलं तर हळद, म्हशीला लागलं तर हळद, मग नगाऱ्यानं काय पाप केलं? जनावराला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं दाराच्या खुंटीला असायचंच. त्यात कोमट तूप-हळद ओतायची, तोंड वर धरायचं, नळकांडं दाढेच्या कोपऱ्यातून आत सारायचं. बैलाला असंच पाजतात. कुत्र्याला कुणी पाजत नाही, पण नगाऱ्याला कुत्रा म्हणायचं म्हणजे शकुबाईंच्या भाषेत 'पाटलाला पोऱ्या म्हनल्यावानी'.

पहिल्या दिवशी नगाऱ्या खूप खोकला. उकंडराव खूश झाले.

"मोकळा होऊन राहिला बग," ते म्हणाले.

"काय म्हनले?" शकुबाईंनी विचारलं.

"मोकळा होऊन राहिला!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मेंढरं झाडाखाली बसवून उकंडराव आणि नगाऱ्या घरी आले. चैत्राचं ऊन होतं. नगाऱ्या धापा टाकत होता आणि करवत जोरात चालली होती. गळा अगदीच आवळलेला दिसतो, तेव्हा आजच दुप्पट द्यावी, असा विचार करून उकंडरावांनी नळकांडं भरलं. अर्धं आत गेलं असेल नसेल, नगाऱ्याच्या अंगाला झटका बसला. तो खोकायला गेला, पण खोकला बाहेर येईना. पुढचे पाय फाकले आणि तो अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर आडवा झाला. जीभ बाहेर आली. ती जांभळी पडत चालली होती.

"सोमेश्वर!" शकुबाई ओरडल्या. त्यांचा मुलगा सोमेश्वर हळदीची पोती वाहणारा पिकअप चालवायचा आणि नेमका तेव्हा जेवायला आला होता. त्यानं हातातला घास टाकून जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. उकंडराव नगाऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हाताला हळद, कुत्र्याच्या तोंडाला हळद, आणि आपल्याच हातानं आपण याला मारला, एवढं एकच डोक्यात.

डॉक्टर प्रतिक्षा स्कूटीवरून आल्या. वयानं लहान, बोलायला तिखट. आल्या आल्या त्यांनी नगाऱ्याचं तोंड पुसून काढलं, गळ्याचा पट्टा कापून फेकला, सावलीत ओढून अंगावर पाणी ओतायला लावलं आणि इंजेक्शन दिलं. हळूहळू नगाऱ्याचं शरीर सैल पडलं आणि श्वास चालू लागला. करवत होतीच, पण संथ. जिभेचा जांभळा रंग ओसरून गुलाबी परत आला, तेव्हा शकुबाई मटकन खाली बसल्या.

"काय पाजलं याला?" प्रतिक्षाबाईंनी विचारलं.

उकंडरावांनी काहीतरी सांगितलं.

"मामा, मोठ्यानं."

"हळद-तूप," शकुबाईंनी भाषांतर केलं. "गळा धुवायला. मी म्हनत व्हते नजर हाय, पन माजं कोन ऐकतंय!"

प्रतिक्षाबाईंनी डोक्याला हात लावला. रागावल्या, चांगल्याच रागावल्या. पण समोरच्या माणसाच्या गालांवरून पाणी वाहतंय हे दिसल्यावर त्यांनी तोंड आवरलं आणि अंगणाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथं मेंढरांचा वाडगा होता, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि तोंडाला दारासारख्या दोन तट्ट्या.

"मामा, त्या तट्ट्या कशाला?"

"मेंढरं आत घ्यायची तवा उघडायच्या. लांडगं-कोल्हं आलं की लावायच्या."

"याच्या गळ्यात असंच फाटक आहे. छातीकडे जाणारी हवेची नळी आणि पोटाकडे जाणारी अन्नाची वाट, दोघींचं तोंड एकाच ठिकाणी. त्या हवेच्या नळीवर दोन छोट्या तट्ट्या आहेत, कुर्चेच्या. श्वास घेतला की त्या बाजूला होतात, घास गिळला की मिटतात. वरून जिभेच्या मुळाशी एक झाकणही आहे. या सगळ्याला मिळून म्हणतात स्वरयंत्र."

"सोर म्हंजे आवाजच की मग," उकंडराव म्हणाले. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाव ठेवणाऱ्यानं आवाज ऐकला आणि ठेवलं. खरं काम राखणदारीचं. जाता-येता हवेनं पडदे हलतात आणि भुंकणं तयार होतं, ती वरकमाई. तुमच्या नगाऱ्याच्या तट्ट्या ढिल्या पडल्यात. त्या बाजूला ओढणारा स्नायू मेलाय. वय झालेल्या मोठ्या कुत्र्यांना होतं असं. आता तट्ट्या ना नीट उघडतात, ना नीट मिटतात. उघडत नाहीत म्हणून करवत वाजते. मिटत नाहीत म्हणून तुमची हळद गेली थेट फुफ्फुसाच्या वाटेला. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. फाटकच अडलं तर उन्हात उकडून निघणार तो."

"पन स्नायू काहून मेला?"

"त्याला हुकूम देणारी नस थकली. मेंदूपासून निघते, गळा ओलांडून खाली छातीत जाते, तिथं वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते."

"गळा तर डोक्याच्या खालीच हाय," सोमेश्वर म्हणाला. "येवढा वळसा काहून घालती?"

"ते मला विचारू नका. इथून हट्ट्याला जायचं तरी एसटी तुम्हाला वसमतमध्ये उतरवतेच ना?"

हे सगळ्यांना बरोबर पटलं.

शकुबाईंचं मन मात्र आवाजापाशीच अडलं होतं. त्यांची चिमणी नावाची मांजर एवढ्या गडबडीतही ओट्यावर घुरघुरत पडलेली होती. "मंग हिच्या पोटातलं जातं?" त्यांनी विचारलं. मांजराच्या पोटात जातं फिरतं, हे त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी सोमेश्वरला.

प्रतिक्षाबाई हसल्या. चिमणीला उचलून उकंडरावांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांची दोन बोटं तिच्या गळ्याखाली टेकवली. "पोटात नाही, इथं. बघा, श्वास घेतानाही थरथरतं आणि सोडतानाही. तेच फाटक. हिचं चांगलं आहे म्हणून इतकी मजेत आहे."

उकंडराव डोळे मिटून बसले. बोटांखाली बारीक थरथर येत होती, जात होती, थांबत नव्हती. मग त्यांनी दुसरा हात नगाऱ्याच्या गळ्यावर ठेवला. तिथं नुसती ओढाताण. दोन गळ्यांमधला फरक त्यांना त्या क्षणी जितका कळला, तितका बोलण्यातून कळला नसता.

दोन दिवस नगाऱ्यानं औषधावर काढले. मग प्रतिक्षाबाईंच्या सांगण्यावरून सोमेश्वरनं पिकअपमध्ये ओली पोती अंथरली आणि पहाटेच्या गारव्यात सगळे परभणीला, पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नगाऱ्याला गुंगी देऊन तोंडात बत्ती घातली, बराच वेळ पाहिलं आणि बाहेर आले. प्रतिक्षाबाई म्हणाल्या तेच निघालं.

"ऑपरेशन करता येईल," ते म्हणाले. "एका बाजूची पाकळी, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तट्टी, टाक्यानं मागं बांधून टाकायची, कायमची उघडी. एकच बांधायची, दोन्ही बांधल्या तर सगळं अन्न आत जाईल. श्वास मोकळा होईल. पण दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, फाटक उघडं राहणार, म्हणून खाण्यापिण्याला जन्मभर जपावं लागेल. दुसरी, आवाज परत येणार नाही. आहे तोही थोडा जाईल."

उकंडरावांनी शकुबाईंकडे पाहिलं. वाटभर ते मनाशी म्हणत आले होते की परभणीला गेलं की नगाऱ्या पहिल्यासारखा भुंकेल. तेवढ्यासाठीच तर आलो. आता डॉक्टर म्हणत होते, श्वास घ्या किंवा आवाज घ्या. आणि आवाज तर तसाही जाणारच होता, म्हणजे निवड अशी नव्हतीच. मुक्या कुत्र्यानं आणि मुक्या धन्यानं मेंढरं कुठं घेऊन जायची?

काचेच्या दारापलीकडे नगाऱ्या टेबलावर पडला होता. गुंगीतही त्याच्या बरगड्या श्वास ओढायला झगडत होत्या.

"बांधून टाका," उकंडराव म्हणाले.

"काय म्हणालात?"

"बांधून टाका सायेब. दार उघडं ऱ्हाऊ द्या."

"पुन्हा सांगा, इथं सही लागते, मला नीट कळलं पाहिजे."

"आवो, हो म्हनून राहिले ते!" शकुबाई कडाडल्या. पलीकडच्या खोलीतल्या शेळीनंही मान वर केली.

नगाऱ्या बरा झाला. घरी आल्यावर त्याचा थाट काही विचारू नका. गळ्यात पट्टा बांधायचा नाही, म्हणून शकुबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या काठांचा छातीपट्टा शिवला, हिरवा आणि जरीचा. भाकरी वरणात कालवून तिचे गोळे करायचे आणि एकेक भरवायचा, पाणी थोडं थोडं द्यायचं, कालव्यात पोहायला जाऊ द्यायचं नाही. "मला लेकरू झालं तवा सासूनं येवढं न्हाई केलं," शकुबाई म्हणायच्या आणि गोळे वळायच्या. करवत बंद झाली. नगाऱ्या पुन्हा मेंढरांपुढं पळू लागला. फक्त तोंड उघडलं की 'हाऽऽ' एवढीच हवा बाहेर यायची.

मेंढरं त्याच्या धावण्याला ऐकत होती, म्हणून निभत होतं. माणसं ऐकत नव्हती. कळप उत्तमरावांच्या रानात बसला होता. ठरलेले दिवस संपले तरी उत्तमराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की." उकंडरावांनी मान हलवली. नगाऱ्या पुढं आला, तोंड उघडलं, हाऽऽ केलं. उत्तमराव मागं सरले नाहीत. उलट हसले. "याची बॅटरी उतरली वाटतं!" मेंढरांची वाट बघणाऱ्या हट्ट्याच्या देविदासला दिलेला दिवस उलटून गेला आणि मेंढरं तिथंच राहिली.

"कुत्र्याचा आवाज गेला तर तुमची जीभ बी त्यानं परभनीला ठिवली काय?" शकुबाईंनी विचारलं. उकंडरावांना लाज वाटत होती, आणि उत्तमराव हसले ते स्वतःपेक्षा नगाऱ्यासाठी जास्त लागलं होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी, उन्हं कलल्यावर, कळप चरून उत्तमरावांच्या रानाकडे परतताना कालव्याच्या पुलावर चढत होता. पलीकडून हळदीची पोती लादलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर उतारानं खाली येऊ लागला. चालवत होते खुद्द उत्तमराव. टेपवर गाणं मोठ्यानं लागलेलं, मोबाईल खांद्यात दाबलेला, नजर हातातल्या कसल्याशा कागदावर. पूल अरुंद. पुढच्या मेंढ्या नेहमीच्या अकलेनं सरळ चालत राहिल्या.

नगाऱ्या पुढं धावला आणि पुलाच्या मधोमध ट्रॅक्टरसमोर उभा राहिला. मानेवरचे केस ताठ, चारी पाय रोवलेले. त्यानं तोंड उघडलं. हाऽऽ.

उकंडराव मागं काठी धरून उभे होते, आणि जन्माची खोड अशी की, ते त्या आवाजाची वाट बघत होते. आता भुंकेल. आता उत्तमराव वर बघतील. ट्रॅक्टर उतरतच होता. नगाऱ्या जागचा हलत नव्हता. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा नुसती हवा. तेव्हा उकंडरावांना उमगलं की आवाज येणार नाही, कुठूनच येणार नाही, आपण दिला तरच.

"ए उत्तम्याऽऽऽ! थांऽऽब!"

बेंबीच्या देठापासून आलेला तो आवाज कालव्याच्या दोन्ही काठांवर आपटून परत आला. मेंढरं जागच्या जागी थिजली. उत्तमरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, ट्रॉली तिरपी सरकली, दोन पोती खाली पडली, आणि ट्रॅक्टरचं तोंड नगाऱ्याच्या नाकापासून हातभर अंतरावर थांबलं. नगाऱ्यानं ते हुंगलं.

उत्तमराव खाली उतरले आणि चहूकडे बघू लागले. त्यांचे वडील वारल्यापासून त्यांना उत्तम्या कुणी म्हणालं नव्हतं.

"कोन बोललं रं?"

"मी," उकंडराव म्हणाले. गळा एकदा उघडला होता, तो मिटायच्या आत त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. "आन् उद्या सकाळी मेंढरं हलवून राहिलो. देविदासला शब्द देलाय."

उत्तमरावांनी नगाऱ्याकडे पाहिलं, उकंडरावांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले.

"बरं बरं. जावा मग."

पुलाखाली कपडे धुणाऱ्या शकुबाई ओलं लुगडं हातात घेऊन वर धावत आल्या होत्या. कोण ओरडलं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. कारण उकंडराव नगाऱ्याच्या गळ्यात हात टाकून रस्त्यातच बसले होते आणि मोठमोठ्यानं रडत होते. तेही सगळ्यांना ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडरावांचा गळा पूर्ण बसला. शकुबाईंनी हळदीचं दूध पुढ्यात आदळलं. "प्या. का नळकांड्यानं पाजू?" आणि मग, राग होता का काय होतं कोण जाणे, त्या समोर बसल्या. "येवढा आवाज व्हता तर लग्नात कुटं ठिवला व्हता वो? उखाना तरी कळला असता मला."

उकंडरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. पायाशी बसलेल्या नगाऱ्यानं कान टवकारले आणि तसंच उत्तर दिलं, हाऽऽ. शकुबाई हसू दाबत पुढं वाकल्या आणि कान नवऱ्याच्या तोंडाशी नेला.

उकंडरावांचा हात नगाऱ्याच्या गळ्यावर होता. बोटांखालून श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुठं अडत नव्हता.

"याच्यापाशी ठिवला व्हता," ते कुजबुजले. "यानं राखून माघारी देला."